आप्पा माळावरच राहतील

दांगटांच्या घरात दुखणं शिरलं की गाडी पुण्याकडे तोंड करते, हे सगळ्या बेल्ह्याला पाठ होतं. माळावरचा दवाखाना दांगटांच्या जमिनीवर, पाटीवर नाव दांगटांच्या भागूबाईचं, ट्रस्टचे अध्यक्ष तिचे थोरले चिरंजीव चांगदेव दांगट. आणि त्यांच्या मुलाचं, सुभाषचं अपेंडिक्स मात्र पुण्याला, बायकोचे, साळुबाईंचे पित्ताचे खडे पुण्याला, एवढंच काय, खुद्द चांगदेवांचा मोतीबिंदूसुद्धा पुण्याला, आणि तोही माळावर मोतीबिंदूचं शिबिर चालू असताना. लोक तोंडावर काही म्हणत नसत. खानावळवाला स्वतः शेजारच्या खानावळीत जेवतो, असं पाठीमागे म्हणत आणि हसत.

म्हणून सोमवारी बैलबाजारात चांगदेव पडले आणि व्यापाऱ्यांनी त्यांना फळीवर आडवं करून, टेंपोत घालून थेट माळावर आणलं, तेव्हा अश्विनीच्या काळजात दोनदा धस्स झालं. एकदा नात म्हणून, आणि एकदा त्या दवाखान्याची मुख्य डॉक्टर म्हणून.

घरचे बैल विकून कित्येक वर्षं झाली होती, तरी चांगदेवांचा सोमवारचा बाजार चुकत नसे. कुणा परक्याच्या खोंडाचे दात बघायला ते वाकले, खोंडानं मान फिरवली, आणि आप्पा उजव्या अंगावर आपटले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्याच्या खोंडाचे दात बघायला जाणाऱ्या माणसाबद्दल साळुबाईंना जे बोलायचं होतं ते त्यांनी टेंपोपासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत बोलून घेतलं, आणि मग उशाशी बसून राहिल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. आतला गोळा बदलावा लागणार होता.

हाडांचे डॉक्टर ऋषी गभाले मूळचे घोडेगावच्या वरच्या डोंगरातले. गेल्या वर्षी ते माळावर आले आणि हाडांच्या ऑपरेशनची सोय झाली, तेव्हापासून त्यांनी इथे बरेच खुबे बसवले होते. दांगटांचा खुबा मात्र हा पहिलाच. अश्विनीनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुमचे वडील असते तर काय केलं असतं. डॉक्टर म्हणाले, इथंच केलं असतं आणि लवकर केलं असतं. या वयात माणूस जितका पडून राहील तितका हातातून जातो.

हे घरच्यांना सांगायचं होतं, आणि तिथंच तिची जीभ अडत होती. पुण्यातली नोकरी सोडून ती माळावर आली त्याला सहा-सात वर्षं झाली. बाळंतपणं, सर्पदंश, बिबट्यानं ओरबाडलेले मेंढपाळ, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणारे आळ्या-राजुरीचे म्हातारे, सगळं ती इथंच करत होती. पण एखादा पेशंट गंभीर झाला आणि तिनं म्हटलं की काळजी करू नका, इथंच होईल, की नातेवाईक एकमेकांकडे बघत आणि हळूच विचारत, "मॅडम, तुमचं आप्पा कुठं दाखवतात वो?" त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. आता आप्पा पुण्याला गेले तर उत्तर कायमचंच संपणार होतं. आणि इथं काही बरंवाईट झालं तर दवाखानाच संपणार होता. यातली कुठली काळजी नातीची आणि कुठली डॉक्टरची, हे तिचं तिलाच कळेना.

तिचा काका आदेश त्याच संध्याकाळी पुण्याहून आला. तो बोलला ते चुकीचं नव्हतं. आप्पांना बीपी आहे, वय आहे, पुण्यात मोठा अतिदक्षता विभाग आहे, पाच-पाच तज्ज्ञ एका हाकेवर आहेत. दवाखाना चांगलाच आहे, तो म्हणाला, पण बापावर प्रयोग कशाला. अश्विनीचे वडील सुभाष घरची शेती बघत. ते दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. दोन्ही बाजूंना मान डोलावणं ही सुभाषची जुनी सवय, तिच्यामुळेच घर आजवर एकत्र राहिलं होतं.

मग साळुबाई बोलल्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी त्या खोलीत सांगितलं.

"माझ्या खड्यांचं आपरेशन झालं, त्याच्या पाठोपाठ मढकडची एक बाई हितं आली व्हती. तिला बी खडंच. मला बाकावर भेटली. म्हणली, आजी, तुमी कुठं केलं? आता मी काय खोटं सांगू? म्हणलं, पुण्याला. ती गप उठली अन गेली. तिला काय पुणं परवडनार व्हतं? घरीच बसली. परत आणली तवा हळदीवानी पिवळी. वाचली कशीबशी. पर त्या दिवसापासनं मला हितल्या बाकावर बसायची लाज वाटती."

 चांगदेव छताकडे बघत होते. तसंच बघत ते म्हणाले, "आईला जीपमधनं पुण्याला नेत व्हतो. मंचरच्या अलीकडंच ती गेली. म्हणून ह्यो दवाखाना बांधला. अन आता मीच जीपमध्ये बसू व्हय? मी माळावरच राहणार."

आदेशनं एकच अट घातली. ऑपरेशनच्या दिवशी पुण्याची मोठी ॲम्ब्युलन्स फाटकाशी उभी राहील, आणि जरा काही इकडचं तिकडं झालं की तो कुणालाही न विचारता वडिलांना घेऊन जाईल. सगळ्यांनी मान्य केलं. सुभाषनं तर दोनदा मान्य केलं.

या भागात एखाद्याच्या लग्नाला नाही गेलं तरी चालतं, पण दवाखान्यात भेटायला नाही गेलं तर त्याचं उणंदुणं नातवंडांपर्यंत निघतं. जायचं ते रिकाम्या हातानं नाही, आणि आणलेलं ठेवून यायचं नाही. आजाऱ्यानं आपल्यादेखत एक घास खाल्ला की भेट पोचली. माळावर भेटायला येणाऱ्यांची वेळ लिहिलेली होती, पण ती वाचायला थांबतो कोण. मंगळवारी दिवसभर बेल्ह्याचे, आणे-पठाराचे, आळ्याचे पाहुणे टेंपो भरून येत राहिले. मढची रुपाली सिस्टर वॉर्डची प्रमुख होती. तिनं बिस्किटाचे पुडे, शहाळी, केळी सगळं दाराशीच काढून घेतलं आणि रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये म्हणून खाटेच्या पायथ्याशी 'उपाशी' अशी पाटी लावली. ऑपरेशन सकाळी होतं.

बुधवारी उजाडता उजाडता खोलीत चांगदेव एकटेच होते. साळुबाई तोंड धुवायला गेल्या होत्या, सुभाष धारा काढायला घरी गेले होते, आणि दाराशी राखणीला बसवलेली दवाखान्यातली मुलगी बाळंतिणीच्या वॉर्डात कुणीतरी हाक मारली म्हणून धावली होती. तेवढ्यात दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. नुसती सावली बघून चांगदेवांनी ओळखलं. तो त्यांचा धाकटा भाऊ होता, गेणभाऊ.

गेणभाऊ आणि चांगदेव, दोघांचे बांध एकमेकांना लागून होते, पण माळ दवाखान्याला दिला तेव्हापासून बोलणं बंद होतं. माळ दोघांच्या सामाईकातला. कागदोपत्री नंतर सगळं मिटलं, गेणभाऊंना बदल्यात विहिरीकाठची जमीन मिळाली, तीही चांगली. तरी गेणभाऊंनी दवाखान्याच्या फाटकात पाऊल ठेवलं नव्हतं. मयताला गेले तर दोघं भाऊ चितेच्या दोन बाजूंना उभे राहत. गेणभाऊंची सून बाळंत झाली तीसुद्धा नारायणगावला.

"आत ये की गेणू," चांगदेव म्हणाले.

गेणभाऊ आत आले. फडक्यात बांधलेला डबा त्यांनी खाटेवर ठेवला आणि गाठ सोडत बसले. गाय व्याली, म्हणाले. खरवस आहे. तुला आवडतो म्हणून आणला. एवढं बोलायलाही त्यांना बराच वेळ लागला. डब्याचं झाकण निघालं तसा वेलदोड्याचा वास खोलीभर झाला. आईच्या हातच्या खरवसाला असाच वास यायचा आणि दोघं भाऊ खरवडीसाठी भांडायचे, हे दोघांनाही त्याच क्षणी आठवलं असणार. कुणी बोलून दाखवलं नाही.

"मला विचारलं न्हाईस तू," गेणभाऊ डब्याकडे बघत म्हणाले. "माळ मागितला असतास तर म्या दिला असता. हसत दिला असता. तू चावडीवर जाहीर करून मोकळा झालास, अन मला ते हाटेलात कळलं. आई काय तुझ्या एकट्याची व्हती?"

चांगदेवांना पाटी दिसत होती. गेणभाऊंना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि चष्मा ते घरी विसरून आले होते. इतक्या वर्षांनी भाऊ दारात आला होता, आणि त्याच्या हातात खरवसाची वडी होती. ती परत ठेवायला सांगायची, तर तो पुन्हा कधी येणार?  त्यांनी तोंड उघडलं. गेणभाऊंनी वडी भरवली. मग दुसरी, मग तिसरी. दोन्ही म्हाताऱ्यांचे डोळे भरून वाहत होते आणि चांगदेव चावत होते.

"म्या आलतो म्हणून कुणाला सांगू नको," गेणभाऊ डबा बांधता बांधता म्हणाले आणि आले तसे गेले.

थोड्या वेळानं रुपाली सिस्टर आली. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, आप्पा, रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना? चांगदेवांनी मान हलवून नाही म्हटलं. खरं सांगितलं तर ऑपरेशन पुढे जाणार, आदेशची गाडी चालू होणार, आणि गेणूचं नाव पोरांच्या तोंडी येणार. दुधाचीच तर वस्तू, त्यानं काय होतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. माळावरच राहायचं म्हणून हा माणूस मरायला तयार होता, आणि ते त्याला स्वतःलाही धड ठाऊक नव्हतं.

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर गेणभाऊ अजून रेंगाळत होते. घरी जायला पाय निघत नव्हता. फाटकाच्या आत जाऊन आल्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. ऑपरेशन झालं, भाऊ बरा आहे, एवढं कुणाच्या तरी तोंडून कानावर आलं की गुपचूप निघायचं, असा त्यांचा बेत होता.

टपरीवर भेटायला आलेल्यांची गर्दी होतीच. खुब्यावरून गोष्ट भुलीवर गेली, आणि भुलीवरून एकजण आपल्या मुंबईच्या मेव्हणीची गोष्ट सांगू लागला. तिला ऑपरेशनआधी पाणीही घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. पोटात आग पडली म्हणून तिनं चोरून चहा-बटर खाल्लं. भूल चढल्यावर ते उलटून वर आलं आणि गेलं फुफ्फुसात. ती काही उठलीच नाही. म्हणून तर पाटी लावतात राव, तो म्हणाला, आप्पांच्या खाटेलापण लावलीय, काल बघितली मी.

गेणभाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला. कसली पाटी, त्यांनी विचारलं. उपाशी, असं लिहिलंय, तो म्हणाला. कितीला आत घेणार आहेत, गेणभाऊंनी विचारलं. आता घेतच असतील.

टपरीपासून फाटकापर्यंत अंतर ते किती. पण भर दिवसा, सगळ्या गावासमोर, दांगटांच्या धाकट्या घरातल्या माणसाला त्या फाटकातून जाताना कुणी पाहिलं नव्हतं.  गेणभाऊ धोतराचा सोगा हातात धरून पळत सुटले. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर उभं होतं, एका बाजूला सुभाष, दुसऱ्या बाजूला आदेश, पायाशी साळुबाई; आणि अश्विनी दार उघडायला हात पुढे करत होती.

"थांबवा," गेणभाऊ म्हणाले. धाप लागून त्यांना पुढचं बोलता येईना. "म्या खाऊ घातलंय त्याला. सकाळी. खरवस."

आधी कुणाला काही कळलंच नाही. या बोळात गेणभाऊ दिसणं हेच इतकं अचाट होतं की ते काय बोलले याकडे लक्ष जायला वेळ लागला. मग भूल देणाऱ्या बाई थिएटरमधून बाहेर आल्या. त्यांनी किती खाल्लं, कधी खाल्लं, एवढंच विचारलं. मग त्यांनी हातमोजे काढले आणि गेणभाऊंना म्हणाल्या, काका, तुम्ही आज फार मोठं काम केलंत. डॉक्टर ऋषींनी सांगितलं, पोट रिकामं होऊ दे, संध्याकाळकडे घेऊ, बिघडलं काही नाही.

पण बिघडायचं ते बिघडलं होतं. आदेशचा चेहरा लाल झाला होता. "हे असं चालतं इथं," तो म्हणाला. "पेशंटच्या खोलीत कुणीही येतं आणि काहीही भरवून जातं. आज माझा बाप गेला असता." आणि आयुष्यभर दोन्हीकडे मान डोलावणारे सुभाष पहिल्यांदाच एका बाजूला झाले. त्यांनी सरळ चुलत्याला विचारलं, "मुद्दाम केलं का तात्या?"

गेणभाऊ भिंतीला टेकले. 

"खाल्लं मी," स्ट्रेचरवरून चांगदेव म्हणाले. "तोंड माझं व्हतं. पाटी मला वाचता येती, त्याला चष्म्याबिगर दिसत न्हाई. सिस्टरला खोटं बी मीच बोललो. त्याला कशाला बोलतोस?"

तरी दोन्ही मुलं आता एका बाजूला होती. आदेशनं फोन काढला. ॲम्ब्युलन्स आत घ्यायला त्यानं ड्रायव्हरला सांगितलं सुद्धा. अश्विनीला वाटलं, संपलं. तिनं सहा-सात वर्षांत एकेक माणूस जोडत आणलेला विश्वास तीन वड्यांनी बुडवला, आणि काका म्हणत होता त्यात खोट काढायला जागा नव्हती. तिला लाज वाटली, राग आला, आणि त्या रागातच तिची अडलेली जीभ सुटली.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "दाराशी माणूस ठेवला होता तो हलला. त्याची जबाबदारी माझी. पण दवाखान्याची डॉक्टर म्हणून सांगते, आप्पांचं ऑपरेशन आज संध्याकाळी इथं नीट होईल. ज्याला न्यायचंय त्यानं आत्ता न्यावं, मी आडवी येणार नाही. पण न्यायचं तर भीती वाटते म्हणून न्या, काका. इथं होत नाही म्हणून नेऊ नका."

मग साळुबाई पुढे झाल्या. त्या दिराशीही इतकी वर्षं बोलल्या नव्हत्या, आणि आताही त्यांनी आधी मुलालाच विचारलं.

"आदेश, पुण्यात बी ह्यांनी खाल्लंच असतं. ह्यांना तू ओळखतोस का मी ओळखते? पर तिथं भावजी पळत येऊन थांबवा म्हणाले असते, तर त्यांना आत कुणी सोडलं असतं? काचेच्या दारातनंच हाकललं असतं. हितं आत आले, म्हणून तुझा बाप जिता हाय." मग त्या गेणभाऊंकडे वळल्या. "बसा भावजी. हुबं कशापायी ऱ्हायलात."

गेणभाऊ बाकावर बसले. चांगदेवांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले की आता त्यांना कुणी कुठं हलवू नये, त्यांना भूक लागली आहे. पोटात तीन वड्या असताना भूक लागल्याचं ऐकून रुपाली सिस्टरला हसू आवरेना. आदेश कुणाशी न बोलता बाहेर निघून गेला. ॲम्ब्युलन्स फाटकाच्या आत येऊन उभी राहिली होती. त्यानं तिला ना आणखी पुढे बोलावलं, ना परत पाठवलं.

दुपारभर आदेश अपघात विभागासमोरच्या बाकावर बसून होता. लहानपणी हा माळ म्हणजे नुसती कुसळं आणि दगड. पतंग उडवायला तो इथं यायचा. पुण्याला गेल्यावर तो दवाखान्यात आला तो उद्घाटनाला आणि गेल्या वर्षी हाडांचा विभाग सुरू झाला तेव्हा, दोन्ही वेळा फेटा बांधून. साधा माणूस होऊन तो इथल्या बाकावर कधी बसला नव्हता. समोरून माणसं येत-जात होती. कुणाला लसीला आणलेलं, कुणाचं बोट कडबाकुट्टीत गेलेलं, एक म्हातारी नुसतीच गोळ्या संपल्या म्हणून आलेली आणि डॉक्टरांना घरची कहाणी सांगत बसलेली. पुण्याच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हरसुद्धा कंटाळून आत आला आणि स्वतःचं बीपी मोजून घेऊन गेला.

शेजारी एक माणूस बसला होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. मढच्या वरच्या अंगाचा. भाताचं काम उरकलं की डोंगरातली माणसं इकडे कांदा लागणीला येतात, त्यातलाच. त्याच्या बायकोला सकाळी बांधावर नाग चावला होता. आत तिला सलाइनमधून औषध चालू होतं. आदेशनं विचारलं, कशी आहे. तो म्हणाला, आता डोळं उघडलं, बोलली.

मग तो आपणहूनच सांगत राहिला. "ज्याच्या रानात होतो तो मालक म्हणत व्हता, गाडीत घाला, पुण्याला न्या, हितं काय खरं न्हाई. म्या घालतच व्हतो. तेवढ्यात कोण तरी म्हणलं, दांगटांचा म्हातारा सवता हितं आपरेशनला झोपलाय. मग म्हणलं, ज्याचा दवाखाना त्यो जर हितं झोपतोय, तर आपुन बी हितंच थांबायचं." तो थोडा वेळ आतल्या दाराकडे बघत राहिला. "डाक्टरीण म्हणली, आणखी उशीर झाला असता तर गेली असती. पुण्याच्या वाटंवरच गेली असती वो."

आदेशनं त्याला आपण कोण ते सांगितलं नाही. पुण्याच्या वाटेवर गेलेली आजी त्याला आठवत होती. तेव्हा तो दहावीत होता आणि त्याच जीपमध्ये मागे बसला होता. त्यानं त्या माणसाला चहा आणून दिला. मग तो फाटकाशी गेला आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला म्हणाला की तू नीघ, आता लागणार नाही. परत येऊन तो भावाशेजारी उभा राहिला. सुभाषनं काहीच विचारलं नाही, पण मान डोलावली.

ऊन उतरताना चांगदेवांना आत घेतलं. कमरेतून भूल दिल्यानं ते जागेच होते. हातोडीचा आवाज सुरू झाला तसं त्यांनी पडद्यामागून विचारलं की आत सुतार आणलाय काय. भूल देणाऱ्या बाई हसल्या, डॉक्टर ऋषीही मास्कमध्ये हसले, पण त्यांचा हात थांबला नाही. अश्विनी आजोबांच्या डोक्याशी उभी होती. तिला करण्यासारखं काही नव्हतं, ती नुसती त्यांच्या कपाळावर हात ठेवून मॉनिटरवरचा प्रत्येक आकडा वाचत होती. गोळा जागेवर बसला. डॉक्टरांनी पाय वळवून बघितला, सरळ करून बघितला, आणि मान वर करून म्हणाले, "छान बसलाय. उद्या उभे करू."

अश्विनी दार उघडून बाहेर आली. समोर वडील, काका, आजी, बाकाच्या टोकाला गेणभाऊ, आणि मागे बोळभर माणसं. बेल्ह्याचे बैलाचे व्यापारी होते, मावश्या-आत्या होत्या, स्वयंपाकघरातल्या बाया होत्या. पुण्याला एवढी माणसं आली नसती. तिनं नुसती मान हलवली आणि तिला रडू फुटलं. डॉक्टरनं पेशंटच्या नातेवाइकांसमोर रडू नये असं तिनंच नर्सांना शिकवलेलं होतं. आदेशनं तिला जवळ घेतलं. तू जिंकलीस पोरी, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि मग तोही रडला. साळुबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी उठल्या आणि त्या बाकावर अगदी मधोमध, ऐसपैस मांडी घालून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर ऋषींनी चांगदेवांना वॉकरच्या आधारानं उभं केलं. पहिल्या पावलाला त्यांनी दात आवळले, दुसऱ्याला शिवी दिली, आणि तिसऱ्याला खोलीच्या बाहेर बघितलं. मला बोळात जायचंय, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, आज दारापर्यंतच. चांगदेव म्हणाले, दारापर्यंत तर दारापर्यंत, पण दार सताड उघडा.

दारासमोरच ओपीडीची पडवी होती. केसपेपर काढायला आलेल्यांची रांग नेहमीसारखी फाटकापर्यंत गेली होती. वॉकर धरून दारात उभे असलेले आप्पा दिसले तशी रांगेतली कुजबुज थांबली, बाकावरची माणसं आपोआप उठली. कुणीतरी हात जोडले. कांद्याच्या लागणीला आलेला तो माणूसही होता, बायकोला आज उठवून चालवणार होते म्हणून तिच्या चपला हातात घेऊन उभा. चांगदेवांना सगळ्यांकडे बघून हसायचं होतं, पण सगळा जोर वॉकर धरण्यात जात होता, म्हणून त्यांनी नुसती मान ताठ ठेवली. अश्विनी त्यांच्या मागे उभी होती. इतकी वर्षं लोक तिला विचारत होते, तुमचे आप्पा कुठं दाखवतात. ते सगळ्यांसमोर उभे होते.

तेवढ्यात तिचं लक्ष रांगेकडे गेलं. गुडघे धरत, डोळ्यांवर आज आठवणीनं चष्मा लावून, मधे कुठंतरी गेणभाऊ उभे होते. रुपाली सिस्टरनंही पाहिलं. ती लगबगीनं गेली आणि म्हणाली, तात्या, तुम्ही कशाला रांगेत, तुम्ही घरचे, चला आत, डॉक्टर लगेच गुडघे बघतील.

गेणभाऊंनी एकदा दारातल्या भावाकडे बघितलं. मग पुढच्या माणसाच्या मागे आणखी एक पाऊल सरकले.

"घरचा हाय म्हणूनच हितं हुबा राहतो," ते म्हणाले. "दिसू दे लोकांना, दांगट कुठं दाखवतात ते."